दुभाजकावरची बोगनवेल फुलते, गच्चीतली का रुसते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याने जा. दुभाजकात माती वीतभर, पाणी टँकर येईल तेव्हा, दोन्ही बाजूंनी गाड्यांचा धूर. आणि तिथली बोगनवेल राणी रंगाने ओथंबलेली. त्याच रस्त्याच्या कडेला एखाद्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर दुसरी बोगनवेल असते. तिला रोज सकाळी पाणी मिळतं, महिन्याला खत मिळतं, तिची पानं ओल्या फडक्याने पुसली जातात. ती हिरवीगार असते, तिला बोटभर काटे असतात आणि फूल एकही नसतं.

घरचे हैराण होतात. नर्सरीवाला खत बदलायला सांगतो, व्हॉट्सअॅपवरचा व्हिडिओ केळीच्या सालींचं पाणी सुचवतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "पाणी तोडा, आपोआप फुलेल." काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कळलं नाही, तर वेल फुलायच्या ऐवजी वाळते.

उन्हाळा लागला की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत किती पाणी उरलं याच्या बातम्या सुरू होतात आणि गच्चीवर बाग करणारे धास्तावतात. बोगनवेलीपुरती ती धास्ती अनाठायी आहे. आपल्याकडे ही वेल रुसते ती बहुधा पाणी कमी पडून नाही, जास्त होऊन.

## रंग पानांचा, फूल वेगळंच

ज्याला आपण बोगनवेलीचं फूल म्हणतो, ते फूल नाही. एक झुबका हातात घेऊन बघा. कागदासारख्या पातळ, रंगीत अशा तीन पाकळ्या दिसतात आणि प्रत्येकीच्या मधल्या शिरेला चिकटून एकेक बारीक नळी असते, टोकाला पांढरट चांदणी उघडलेली. ती नळी म्हणजे खरं फूल. रंगीत भाग ही फुलाजवळची खास पानं आहेत. त्यांना छद म्हणतात. परागीभवन करणाऱ्या किड्यांना दुरून दिसावं म्हणून वेलीने पानंच रंगवून घेतली आहेत. आपली अंगणातली गुलबक्षी याच कुळातली. या कुळाचा रंगही वेगळा: जास्वंदीत किंवा गोकर्णात असतो तो नव्हे, तर बिटात असतो त्या जातीचा.

याचा देखभालीशी संबंध आहे. छद ही पानंच असल्यामुळे ती दोन दिवसांत कोमेजत नाहीत, आठवडेच्या आठवडे टिकतात. त्यामुळे बोगनवेल रोज नवी फुलं देत नाही. ती बहर देते, मग थोडी थांबते, मग पुन्हा बहर देते. बहर संपल्यावर वेल रिकामी दिसली की अनेकजण घाबरून खताची पिशवी उघडतात. तिला त्या वेळी कात्री हवी असते, पण तिकडे पुढे येऊ.

## काटा की फूल?

बोगनवेलीचं सगळं गणित पानाच्या बेचक्यात आहे. पान जिथे फांदीला जोडलेलं असतं, त्या खाचेत एक इवलासा कोंब असतो. तो कोंब पुढे काटा होऊ शकतो, किंवा फुलांचा झुबका होऊ शकतो. काटा आणि झुबका ही मुळात एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं आहे हे: पोळी होणार की पुरी, हे गोळ्यात लिहिलेलं नसतं, पुढे काय घडतं त्यावर ठरतं.

पुढे काय घडतं, ते ठरवणारं एक संप्रेरक झाडात असतं, त्याचं नाव जिबरेलिन. संप्रेरक म्हणजे झाडाच्या एका भागाने दुसऱ्या भागाला पाठवलेला रासायनिक निरोप. जिबरेलिनचा निरोप असतो: "वाढा, लांब व्हा." पाणी मुबलक, नत्र (नायट्रोजन) मुबलक, दिवस मोठा, की हा निरोप जोरात जातो. फांद्या सरसर उंच जातात, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि बेचक्यातले कोंब काटे होतात. वाढ मंदावली, ऊन मात्र भरपूर मिळत राहिलं, की पानांनी केलेली साखर फांदीतच साठते आणि तेच कोंब फुलाकडे वळतात.

थोडक्यात, तुमच्या गच्चीतल्या वेलीचे बोटभर काटे हीच तिची तक्रारवही आहे. आजारी वेल अशी दिसत नाही. अति सुखात असलेली वेल अशी दिसते. दुभाजकावरच्या वेलीला ते सुख मिळतच नाही: माती कमी, पाणी कमी, ऊन दिवसभर, आणि वाहतुकीला अडथळा नको म्हणून अधूनमधून माळ्याची कात्री. फुलायला लागणाऱ्या चारही गोष्टी तिथे न मागता जमून येतात.

## पुण्याचं आकाश काय ठरवतं

ही वेल दिवस लहान झाला की फुलाकडे झुकणाऱ्यांपैकी आहे. पुण्यात २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, २२ डिसेंबरच्या सुमारास अकरा तासांच्या. सव्वादोन तासांचा हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही, झाडाला जाणवतो. त्यात आपला पाऊस जून ते सप्टेंबर. म्हणजे दिवस मोठे असतात तेव्हाच जमीन ओली आणि आकाश झाकलेलं. पावसाळ्यात बोगनवेल पानांत आणि काट्यांत रमते ती यामुळे. त्यात तुमचा काही दोष नाही. ऑक्टोबरात आकाश उघडतं, दिवस आखडतात, माती सुकायला लागते आणि पारडं फुलाच्या बाजूला झुकतं.

इथे एक रास्त शंका येते. दिवस लहानच हवा असेल, तर एप्रिल-मेमध्ये ही वेल कशी फुलते? आणि दुभाजकावर तर रात्रभर दिवे जळतात, तिथे रात्र होतच नाही. उत्तर असं की दिवसाची लांबी ही बोगनवेलीसाठी अट नाही, मदत आहे. कडक ऊन आणि कोरडी मुळं यांचा जोर पुरेसा असेल, तर ती लांब दिवसालाही जुमानत नाही. ऊन अर्धवट असेल तेव्हा मात्र बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या होऊ लागतात.

म्हणून फ्लॅटमधल्या माणसाने खताआधी बाल्कनीची दिशा बघावी. किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. "उजेड भरपूर येतो" हे उत्तर इथे चालत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर, १३ तारखेच्या सुमारास, शून्य सावली दिवस असतो: भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत थोडंफार ऊन येतं ते मुख्यतः याच काळात, म्हणजे निम्मा वेळ ढगांच्या आड. हिवाळ्यात तिथे काहीच येत नाही. उत्तरेच्या बाल्कनीत बोगनवेल लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथे दुसरं काहीही शोभेल. दक्षिणेच्या बाल्कनीत उलटं घडतं: डिसेंबरात सूर्य तिरपा असल्याने ऊन खोलवर आत येतं, मेमध्ये वरच्या स्लॅबची सावली पडते. तिथे थंडीचा बहर झकास येतो, उन्हाळ्याचा बेताचा. पश्चिमेची बाल्कनी माणसांना नकोशी वाटते, बोगनवेलीला आवडते. आणि उघडी गच्ची असेल, तर प्रश्नच मिटला.

## वर्ष सुरू होतं सप्टेंबरात

या वेलीची दिनदर्शिका जानेवारीपासून धरली की गोंधळ होतो. तिचं वर्ष गणपती उठल्यावर सुरू होतं असं समजा. पाऊस ओसरत असतो, वेलीने तीन महिन्यांत लांबच लांब सरळ फोक सोडलेले असतात. ते तसेच ठेवले, तर फुलं आलीच तरी टोकाला चार झुबके येतात आणि खालची वेल उघडी राहते. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, उघडीप बघून, हे फोक एक तृतीयांशाने कमी करायचे. आत वाकलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, वाळलेल्या फांद्या मुळापासून काढायच्या. कात्री धारदार हवी आणि हातमोजे जाड हवेत. या काट्याचं टोचणं चांगलं दोन दिवस ठणकतं.

छाटताना हात थरथरतो, कारण "फुलं येणाऱ्याच फांद्या कापल्या तर?" अशी भीती असते. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते. सप्टेंबरात त्या फोकांवर कळ्या धरलेल्या नसतातच, त्यामुळे कापण्यासारखं काही हातचं जात नाही. उलट एका फोकाच्या जागी तीन-चार नव्या फांद्या फुटतात आणि फुलायच्या जागा तितक्या वाढतात. नवी फूट वीतभर झाली की ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिचे शेंडे नुसते नखाने खुडायचे. त्यानंतर कात्रीला सुट्टी.

शेंडा खुडल्यापासून रंग दिसायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. हा हिशोब लक्षात ठेवला की उलटं मोजता येतं. जानेवारीच्या शेवटी एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा आपलीही गच्ची सजलेली असावी असं वाटत असेल, तर शेवटचं खुडणं नोव्हेंबरच्या अखेरीला. घरी मार्चमध्ये लग्न असेल, तर जानेवारीच्या मध्यावर. दिवाळीत बहर हवा म्हणणाऱ्यांना मात्र ऑगस्टच्या अखेरीस, भर पावसात छाटावं लागतं, आणि ते मी सुचवणार नाही.

डिसेंबर ते मे हा सुगीचा काळ. पुण्यात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला, तरी बोगनवेलीला इजा होत नाही. थंडीत छद जास्त दिवस टिकतात. प्रत्येक बहर ओसरला की फुलून गेलेल्या फांद्यांची टोकं चार-सहा इंच कापायची. मेपर्यंत असे दोन-तीन बहर आरामात मिळतात. दुहेरी झुबक्यांच्या 'महारा'सारख्या जाती असतील, तर हे जास्तच गरजेचं: त्यांचे छद गळत नाहीत, फांदीवरच तपकिरी होऊन लटकत राहतात आणि वेल मळकट दिसते.

मोठी छाटणी मेच्या शेवटच्या आठवड्यात. वळवाचे एक-दोन पाऊस झालेले असतात, पण झड लागलेली नसते. वेल भिंतभर पसरली असेल तर निम्मी कापली तरी चालते, पावसाळ्यात ती सगळं भरून काढते. कुंडी बदलायची असेल तर तीही याच सुमारास, जूनच्या पहिल्या पावसाआधी. तेव्हा एक जपायचं: बोगनवेलीची मुळं बारीक आणि ठिसूळ असतात. इतर झाडांसारखी माती झटकू नका. गड्डा अख्खाच्या अख्खा उचलून नव्या कुंडीत बसवा.

जुलै-ऑगस्टमध्ये छाटणी नको. ओल्या हवेत कापलेल्या टोकाला बुरशी लागते आणि फांदी वरून खाली वाळत येते. या दोन महिन्यांत करायचं ते एवढंच: कुंडीखालचं ताट काढून ठेवा, भोक बुजलेलं नाही ना ते बघा आणि वेलीला तिच्या नादात राहू द्या.

## "पाणी तोडा" म्हणजे नेमकं किती?

आता काकूंकडे येऊ. पाण्याचा ताण दिला की जिबरेलिनचा निरोप मंदावतो, हे खरं. पण ताण कधी द्यायचा आणि कधी थांबवायचा, यात सगळं आलं.

ताण द्यायचा तो फूल धरण्याआधी. म्हणजे ऑक्टोबरातलं शेवटचं खुडणं झाल्यावर दोन-तीन आठवडे. या काळात रोजचं तांब्याभर पाणी पूर्ण बंद. मातीत बोट खुपसा. वरची दोन इंच माती कोरडी आणि कोवळी पानं सकाळीच किंचित मलूल वाटली, की मगच पाणी, पण तेव्हा भरपूर, कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग पुन्हा थांबा. सकाळीच म्हटलं ते मुद्दाम. दुपारच्या उन्हात पाणी असलेली वेलही माना टाकते, संध्याकाळी सावरते. त्या वेळी पाहून पाणी घातलं, तर ताण कधी लागतच नाही.

बारीक बारीक रंगीत ठिपके दिसू लागले की ताण संपला. इथून पुढे पाणी वेळच्या वेळी हवं. पाणी तोडणारे नेमके इथेच चुकतात: कळ्या दिसल्यावर आनंदाने आणखी ताणतात आणि वेल कळ्यांसकट पानं टाकून मोकळी होते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ३८-४० अंशांना टेकतो, गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो. तेव्हा बारा इंची कुंडीला दर एक-दोन दिवसांनी पाणी लागणारच. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या की तळ भाजत नाही आणि निचराही होतो.

माना टाकलेल्या वेलीची माती ओली लागली, तर मात्र सावध व्हा. तहान नाही, मुळं कुजतायत. आणखी पाणी घालणं हा त्यावर सर्वात वाईट उपाय आहे. कुंडी सावलीत न नेता माती सुकू द्या. बंगल्याच्या आवारात काळी माती असेल, तर हा धोका पावसाळ्यात कायम असतो, कारण काळी माती पाणी धरून ठेवते. तिथे वेल थोड्या उंचवट्यावर लावावी आणि खड्ड्यात मुरूम व वाळू मिसळावी. जमिनीतली जुनी वेल असेल, तर तिला पाण्याचं वेळापत्रक वगैरे काही नको. तिची मुळं खोल गेलेली असतात, ती आपलं आपण बघते.

## खत: कुठलं, आणि केळीच्या सालींचं काय

खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात: नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), याच क्रमाने. नत्र पानांना आणि फांद्यांना वाढवतं. युरियात या तिन्हींपैकी फक्त नत्र असतं, आणि फुलत नसलेल्या बोगनवेलीला युरिया घालणं म्हणजे काट्यांचं पीक घेणं. जूनमध्ये आणि सप्टेंबरच्या छाटणीनंतर दोन-दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत, सोबत मूठभर निंबोळी पेंड. बहुतेक वेलींना एवढं पुरतं. कुंडी जुनी असेल आणि बहर विरळ वाटत असेल, तर ऑक्टोबरनंतर नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं विद्राव्य खत पंधरा दिवसांतून एकदा, लिटरला एक-दोन ग्रॅम. स्फुरद भरमसाट ओतून फुलं वाढतात ही समजूत सोडा. स्फुरद जास्त झालं की मुळांना लोह आणि जस्त उचलता येत नाही.

केळीच्या सालीत पालाश असतं, हे खोटं नाही. पण दोन साली रात्रभर बुडवून ठेवलेल्या पाण्यात उतरतं ते फार थोडं. घातलं तर नुकसान नाही, फक्त चिलटं होतात. साली कंपोस्टच्या डब्यात टाकल्या, तर सत्कारणी लागतील.

पुण्याच्या उपनगरांत खतापेक्षा वेगळीच अडचण जास्त दिसते, ती जड पाण्याची. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. वर्षभर तेच घातलं की माती अल्कधर्मी होते. बोगनवेलीला किंचित आम्लधर्मी माती आवडते. मग मातीत लोह असूनही ते वेलीला मिळत नाही. खूण अगदी ठळक: शेंड्याकडची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. अशा वेळी कृषी सेवा केंद्रात मिळणारं चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या प्रमाणात द्यावं आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून साठलेले क्षार धुऊन जाऊ द्यावेत. खालची जुनी पानं पिवळी पडून गळत असतील, तर त्याकडे लक्ष देऊ नका, ते वयाचं आहे.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण आणि मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि निंबोळी अर्काने आटोक्यात येतात. पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर संध्याकाळी बॅटरी घेऊन शोधा. फांदीच्याच रंगाची बारीक अळी सापडते.

## वर नको, आडवी न्या

जागा कमी असलेल्यांसाठी ही युक्ती छाटणीइतकीच कामाची आहे. कुठल्याही फांदीचा शेंडा खालच्या कोंबांना दाबून ठेवतो. तो वरून संप्रेरक पाठवत राहतो आणि बाजूचे कोंब झोपून राहतात. फांदी सरळ उभी असेल तर ही सत्ता पक्की असते. तीच फांदी वाकवून आडवी बांधली की सत्ता ढिली पडते आणि बेचक्याबेचक्यातून फूट निघते. बोगनवेलीला वेल म्हणतात खरं, पण तिला गोकर्णासारखं विळखे घालून चढता येत नाही किंवा कारल्यासारखे ताणे नसतात. ती काट्यांनी अडकत अडकत वर सरकते. म्हणजे तिला बांधावंच लागतं; मग बांधताना बाल्कनीच्या कठड्यावर किंवा जाळीवर आडवी पसरून बांधा. सुतळी मऊ हवी, तार नको, तार खोडात रुतते.

काटेरी झाड दारात असू नये असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात. त्यामागच्या शास्त्राबद्दल मी वाद घालणार नाही, पण जिन्याच्या वाटेवर बोगनवेल असू नये हे शंभर टक्के खरं आहे. ओढणी, भाजीची पिशवी, नातवंडाचा हात, काहीतरी अडकतंच.

## मग सगळ्याच वेलींना हीच छाटणी?

नाही, आणि हे कळलं नाही की संक्रांतवेलीचा घात होतो. नारिंगी फुलांच्या झुंबरांनी जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यातल्या कितीतरी बंगल्यांची फाटकं झाकून टाकणारी ही वेल फुलते ती आधीच्या महिन्यांत वाढलेल्या फांद्यांच्या टोकांवर. बोगनवेलीबरोबर तिचीही छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकून घेतली, तर संक्रांतीला नुसती पानं बघायची. तिची छाटणी फुलं झडल्याबरोबर, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये, आणि तीही बिनधास्त. निळ्या-जांभळ्या फुलांच्या पेट्रियालाही बहरानंतरच कात्री लावायची.

मधुमालतीचं गणित बोगनवेलीच्या जवळचं. तीही नव्या फुटीवर फुलते, पण तिचा हंगाम उन्हाळा आणि पावसाळा. संध्याकाळी पांढरी उमलून पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होणारी तिची फुलं मेमध्ये हवी असतील, तर छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत. जाई आणि जुईलाही जानेवारीत छाटतात. पण या तिघींना पाण्याचा ताण देऊ नका. उन्हाळ्यात त्यांना ओल हवी असते. कुंद थंडीत फुलतो, त्यामुळे तो फुलून झाल्यावर.

नाव माहीत नसलेली वेल दारात असेल, तर एक वर्ष तिला हात लावू नका. ती कधी फुलते आणि जुन्या फांदीवर फुलते की नव्या, हे बघा. मग बहर संपल्याबरोबर छाटा. बहरानंतर लगेच केलेली छाटणी सहसा कुठल्याच वेलीला महागात पडत नाही.

## परदेशी वेल कशाला हवी?

हा आक्षेप अलीकडे वारंवार ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६७ साली रिओ दि जानेरोजवळ फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबर कोमर्सन यांनी ती गोळा केली आणि त्यांच्या जहाजांच्या ताफ्याच्या प्रमुखाचं, बोगनव्हिलचं, नाव तिला मिळालं. त्यांच्यासोबत पुरुषाच्या वेशात वावरणारी जान बारे नावाची स्त्री होती आणि कोमर्सन यांच्या कामाचा मोठा भार तिनेच उचलला. वेलीला नाव मात्र जहाजवाल्याचं. पुढे ही वेल आपल्याकडे इतकी रुजली की तिच्या जातींची आंतरराष्ट्रीय नोंदणी आज दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आहे. एकाच झाडावर पांढरे आणि राणी असे दोन्ही रंग देणारी 'मेरी पामर' ही प्रसिद्ध जात भारतातलीच.

तरीही आपल्या फुलपाखरांना आणि पक्ष्यांना या वेलीचा फारसा उपयोग नाही, हे मान्य करायला हवं. आवारात जागा असेल, तर एका भिंतीला बोगनवेल आणि दुसऱ्या बाजूला माधवीलता लावा. माधवी इथलीच, सुगंधी. पण ती पसरते अफाट, तिला कुंडीत कोंडता येत नाही. सहाव्या मजल्यावर, चार बाय सहाच्या बाल्कनीत, कडक उन्हात आणि पाणीकपातीत तग धरून रंग देईल अशी दुसरी वेल मला तरी सापडलेली नाही.

## विकत घेताना

सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जा, म्हणजे रंग डोळ्यांनी बघून घेता येतो. पावसाळ्यात सगळ्या बोगनवेली सारख्याच दिसतात. फुलांनी लगडलेल्या रोपापेक्षा खोड अंगठ्याएवढं जाड असलेलं आणि तळापासून दोन-तीन फांद्या फुटलेलं रोप निवडा. कुंडी बारा इंचांची पुरे, मोठ्या कुंडीत ते आधी मुळं आणि पानंच वाढवत बसतं. चट्ट्यापट्ट्याच्या पानांची 'ठिम्मा' घेतली, तर तिला मधूनच साध्या हिरव्या पानांची फांदी फुटते. ती दिसताक्षणी तळापासून काढा, नाहीतर तीच जोमाने वाढून सगळी वेल हिरवी करून टाकते.

घरी आणलेलं रोप आठवड्याभरात बहुतेक रंग झाडून टाकतं आणि नर्सरीवाल्याने फसवलं असं वाटतं. जागा, ऊन आणि वारा बदलल्यामुळे असं होतं. लगेच कुंडी बदलू नका, खत घालू नका. दिवसभर ऊन मिळेल अशा जागी ठेवा, माती सुकली की पाणी द्या आणि नवी फूट वीतभर झाली की शेंडे खुडा.